भिंतीपुढचे बारा फूट

नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी डिझाइन ऑफिसात मी ट्रेसर होते. आता ते काम उरलेलं नाही, म्हणून सांगते. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढायचा आणि आम्ही त्यावर ट्रेसिंगचं कापड पसरून तो शाईने उतरवायचा. रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, खरवडलेली जागा नखाने घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा रेघ मारायची. ट्रेसरने हात चालवावा, डोकं चालवू नये, असं आमचे हेड ड्राफ्ट्समन चंपतराव म्हणत. माझं डोकं मधेमधे चालायचं, त्याला माझा इलाज नव्हता. कामठीहून रोज बसने येणारी, बिनलग्नाची, जयभीमवाली आणि तोंडाने फटकळ, अशी माझी, तुळसाबाईची, ख्याती होती. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

आमच्या सेक्शनला कृष्णकांत देवपुजारी नावाचे साहेब होते. धंतोलीतले, अंगाने काडी, बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीकडे बघणारे. कोयनेला भूकंप झाला तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. त्याआधी सगळी पुस्तकं सांगत की आपल्या दख्खनचा खडक जागचा हलत नाही. पुस्तकं खोटी ठरली याचा त्या माणसाने जो धसका घेतला तो कायमचा. लायब्ररीत बसून परदेशी मासिकं वाचायची, भूकंपात भिंती कशा पडतात याची चित्रं काढायची, हाच त्यांचा उद्योग. ऑफिसात त्यांची टर उडवायला कोणी कमी करत नसे. नागपूरचा माणूस भूकंपाने नाही, मे महिन्याने मरतो, असं चंपतराव त्यांना तोंडावर म्हणत, आणि साहेब कसनुसं हसत.

मग एकदा त्यांच्या हाताला खरंच भूकंपाचं काम लागलं. सह्याद्रीत कुसरवाडीला धरण होत होतं. तिथे डोंगराचा पायथा कापून वसाहत बसवली होती आणि कापलेला डोंगर धरून ठेवायला एक लांबलचक दगडी भिंत हवी होती. त्या भागात जमीन अधूनमधून हलायची. मुंबईच्या ऑफिसात कामं तुंबली होती, म्हणून हे आमच्या गळ्यात आलं. राजधानी गेल्यापासून नागपूरच्या वाट्याला असंच उष्टं-खरकटं येत असे. देवपुजारी साहेबांनी मात्र ते सणाच्या जेवणासारखं वाढून घेतलं.

त्यांची भिंत वेगळी होती. ती सरकणार होती. मला हे कळेना, कारण भिंतीने सरकू नये एवढंच मला ठाऊक. मी विचारलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच खिडकी सोडून माझ्याकडे पाहिलं.

"तुळसाबाई, तुम्ही कामठीच्या बसमध्ये उभ्याने येता ना? ड्रायव्हरने ब्रेक मारला की काय करता?"

"एक पाऊल पुढं टाकते. नाही तर तोंडावर पडेन."

"बस. भिंतीचंही तेच. ताठ उभी राहायला गेली तर मागचा डोंगर तिला उलथवेल. तिला तळाशी थोडं सरकू दिलं तर ती चार बोटं पुढे जाईल आणि उभी राहील. पण पाऊल टाकायला जागा पाहिजे."

ती जागा म्हणजे भिंतीपुढचे बारा फूट. भिंत सरकेल तेवढी, शिवाय वरून दगडबिगड आला तर तो पडायला, असा हिशेब करून साहेबांनी भिंतीच्या पायाशी सबंध लांबीचा पट्टा रिकामा ठेवला. भिंतीत ठराविक अंतरावर भोकं ठेवली, म्हणजे डोंगरात मुरलेलं पाणी बाहेर पडेल आणि भिंतीवर जोर येणार नाही. ती सगळी भोकं मी एकेक करून शाईने काढली. आणि पट्ट्यावर, साहेबांनी सांगितलं तसं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: मोकळी जागा. भिंतीचाच भाग समजावा.

चंपतरावांनी ते वाचून चष्मा कपाळावर नेला. म्हणाले, हे लिहिणाऱ्याने इतवारीचा बाजार पाहिलाच नाही वाटतं, तिथे खांबाच्या सावलीतही दुकान लागतं. सगळे हसले, मीही हसले. साहेबही हसले, पण त्यांनी अक्षर अजून जाड करा म्हणून सांगितलं.

आता लहानूचं सांगते. लहानू माझा भाऊ, माझ्याहून बराच धाकटा. माय बिड्या वळता वळता खोकून गेली, बाप त्याआधीच गेला होता, आणि लहानू माझ्या हाताखाली वाढला. मला तो बाई म्हणे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात.

कामठीत आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे आंगण. मागची भिंत मोमिनांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडला लागून. दिवसरात्र खटखट चाले. फळीवरच्या ताटल्या किणकिणत, गुंडातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत, आणि जमिनीला हात लावला तर हाताला मुंग्या येत. नव्या माणसाचं डोकं उठायचं. आम्हाला त्याचं काही नव्हतं. लहानू तर त्या भिंतीला पाठ लावून झोपायचा. शुक्रवारी लूम बंद असत, आणि शुक्रवारी हे पोरगं हमखास रडायचं. सगळं शांत झालं की त्याला भीती वाटायची. मग मी ताटली हातात घेऊन ती बोटांनी वाजवत त्याच्याजवळ बसायची.

मोठा झाल्यावर तो गवंडी झाला, आणि चांगला झाला. दगड हातात घेतला की तो कोणत्या तोंडाने बसेल ते त्याला दिसायचं. लग्न उमरेडकडच्या पंचफुलाशी झालं. एका ठेकेदाराने कामठीचे गवंडी बाहेरच्या कामावर नेले, त्यांत हाही गेला. कुठे, तर कुसरवाडीला. मी काढलेली भिंत माझ्या भावाने बांधली. मला याचा अभिमान वाटला, लपवत नाही. ऑफिसात मी ते दोन-चार जणांना ऐकवलंही.

दरवर्षी दसऱ्याला लहानू आणि पंचफुला दीक्षाभूमीवर यायचे, मग कामठीला माझ्याकडे राहायचे. भिंत पुरी झाली त्या वर्षी आले तेव्हा लहानू फार खुशीत होता. धरणाचं काम अजून बरीच वर्षं चालणार होतं आणि त्याने तिथे घर बांधलं होतं. जेवताना त्याने ते घर हातवारे करून माझ्यासमोर उभं केलं.

"मागची भिंत बांधावीच नाई लागली, बाई. तुह्या साहेबानं देल्ली फुकटात. अन् त्या भिंतीत भोकं हायेत ना, बल्लीचं टोक अस्सं जाऊन बसते त्याईत. घरासाठीच ठेवल्यावानी."

माझ्या हातातला घास हातात राहिला. तो एकटा नव्हता. भिंतीच्या पायाशी सबंध ओळ उभी राहिली होती, दूरदूरहून आलेल्या मजुरांची. सगळ्यांनी तीच युक्ती केली होती. मागची भिंत आयती, छपराच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, भोकांत, आणि ज्या भोकातून पाणी घरात यायचं ते चिंध्या आणि चिखल कोंबून बंद. चंपतरावांची इतवारी घाटात जाऊन पोचली होती.

मी त्याला समजावलं. बसचं उदाहरण दिलं, ताटात वरणभाताची भिंत करून दाखवली, ती पुढे सरकवून दाखवली. म्हटलं, ही सरकली की तुझ्या बल्ल्या पुढे ढकलल्या जातील आणि छप्पर तुझ्या उरावर येईल. पंचफुला ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. लहानू हसला.

"हालते तं हालू दे ना. आपलं घर नाई हालत? तिथी गेलो तं पयले मले झोपच नाई ये. इतकं चूपचाप, का जीव घाबरे. मंग एक दिवस जमीन हालली, भांडे वाजले. म्या म्हटलं, आली बा आपली कामठी. त्या दिवशी असा झोपलो का हिनं हालवून उठवलं."

तिथल्या गावची माणसं हादरा बसला की घराबाहेर पळतात, हेही त्याने हसत हसत सांगितलं. तो पळत नसे, भिंतीला आणखी चिकटून झोपे. तिथल्या लोकांना वाटे, केवढा धीराचा माणूस. तो धीर नव्हता. लूमच्या शेजारी वाढलेल्या पोराची ती सवय होती, आणि ती सवय मीच जोपासलेली. मी संतापले. म्हटलं, जमीन आणि लूम एक नाही, लूमला बटण असतं. मग तोही चिडला आणि बोलायचं नव्हतं ते बोलला.

"मंग कुठी जाऊ? क्वार्टर पर्मनंटवाल्याईले. गावात घर पाहाले गेलो तं आधी नाव विचारते, मंग गाव विचारते, मंग घरात फोटो कोणाचा लावता ते विचारते. सप्पा घाटात तेवढीच जागा भेटली बाई, का जिथी कोणाचंच नाव नाई."

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. लूम चालू होते आणि फळीवरच्या ताटल्या वाजत होत्या.

सुट्टी संपल्यावर मी देवपुजारी साहेबांना सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले आणि मग पुन्हा बसले. खिडकीकडे वळले. मग म्हणाले की आपण वर कळवलं तर वरचे घरं पाडतील, न कळवलं तर भिंत पाडेल. यातलं काय करू, असं त्यांनी मला विचारलं. एक क्लास टू साहेब ट्रेसरला विचारतो आहे, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. मी म्हटलं, त्या लोकांना दुसरी जागा द्या असं लिहा. त्यांनी तसंच लिहिलं, पुन्हा लिहिलं, स्वतः मुंबईला जाऊन साहेबलोकांच्या दारात बसून आले. उत्तर एकच मिळालं. मंजूर नकाशाप्रमाणे सदर जागा मोकळी आहे, त्यामुळे तिथल्या रहिवाशांचा प्रश्न उद्भवत नाही. माझंच अक्षर माझ्या तोंडावर फेकलं होतं.

साहेब मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी मला पाटीवर काढून एक तोड सांगितली. घर तिथंच राहू दे, पण भिंतीचा आधार सोडा. बल्ल्या भोकांतून काढा, मागे स्वतःचे खांब रोवा आणि भिंत नि घर यांत वीतभर फट ठेवा. भोकं उघडी करा. वीतभर जागा मिळाली तरी भिंत आपलं पाऊल टाकेल आणि घराला हात लावणार नाही. हे काही पुस्तकातलं नव्हतं, ते त्या माणसाने आमच्यासाठी शोधलं होतं. जाताना म्हणाले, "त्याला सांगा, फट म्हणजे वाया गेलेली जागा नाही. तो तुमच्या भावाचा जीव आहे, तेवढा रुंद."

थंडीत मी रजा काढून कुसरवाडीला गेले. भिंत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. माझ्या टाकाची रेघ तिथे तीन पुरुष उंच झाली होती. खाली घरांची ओळ, तिच्यात धूर, कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी. एका घरात भोकाचा देवळीसारखा उपयोग करून दिवा ठेवला होता. दुसऱ्या एका घरात त्यात मिठाचा डबा होता. लोकांनी मला चहा दिला, बसायला पोतं दिलं. मी घरोघर तेच सांगत फिरले आणि सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं. पालथ्या घड्यावर पाणी कसं वाहून जातं ते मी तिथे पाहिलं. एका म्हातारीने एवढंच विचारलं की बाई, तुम्ही सरकारातल्या, मग जागा तुम्हीच का नाही देत.

लहानूने मात्र ऐकलं. तो मला घाबरून नव्हे, मी एवढ्या लांब आले म्हणून विरघळला. मी तिथे असेतो त्याने छप्पर उतरवलं, बल्ल्या भोकांतून काढल्या, मागे खांब रोवले आणि भिंत व खांब यांत फट ठेवली. मी वीत टाकून मोजली. मागच्या बाजूला कुडाचा पडदा केला. भोकातला चिखल काढला तेव्हा डोंगराचं पाणी भळभळ बाहेर आलं, काळसर, थंडगार, आणि किती वेळ येतच राहिलं. पंचफुलाने माझा हात धरला आणि सोडला नाही. परतीच्या गाडीत मी नागपूरपर्यंत झोपले. तेवढे काही महिने मला बरं वाटत होतं.

पुढच्या दसऱ्याला ते दोघं आले, पण लहानू माझ्याकडे नीट बघेना. जेवणं झाल्यावर पंचफुलानेच सांगितलं. पावसाळ्यात भोकातलं पाणी फटीत साचून घरात शिरलं. फटीत उंदीर झाले, उंदरांमागे साप आला. शेजारी आपला कचरा तिथे लोटू लागले. घाटातला वारा कुडातून येऊन रात्रभर अंगाला चावे. आणि हे तर झोपतच नव्हते. पाठीला भिंत नाही म्हणून बसून राहत आणि दिवसा कामावर डुलक्या घेत. एकदा परांचीवरून पडता पडता वाचले. शेवटी त्यांनी फट भरली.

"भरली म्हणजे कायनं?" मी विचारलं.

"दगडानं," लहानू म्हणाला. "बल्ल्या भोकात नाई घातल्या, बाई. तुले शब्द देल्ला होता. फक्त फट बुजवली."

मी त्याला सांगितलं की बल्ल्या बऱ्या होत्या. बल्ली एखादी मोडली असती, सुटली असती. आता त्याने भिंतीचा धक्का सबंध घराला पोचेल असा रस्ता स्वतःच्या हाताने बांधला होता. हे सांगताना माझा आवाज चढला आणि शेवटी मी रडले. त्याने मला रडताना मायच्या मरणानंतर पाहिलं नव्हतं. तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, गेल्यावर काढतो. मी त्याला बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवायला लावणार होते, मग म्हटलं नको, तो लहान नाही. पंचफुला इथेच राहू दे म्हटलं, तर ती राहीना. शेजारचे लूम चालू होते. त्या रात्री लहानू आमच्या मागच्या भिंतीला पाठ लावून इतका गाढ झोपला की मला त्याचा राग येईना.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस सकाळी मी ऑफिसात टेबलावर कापड ताणत होते, तेव्हा साहेबांच्या खोलीत ट्रंककॉल आला. काल पहाटेनंतर कुसरवाडीला मोठा हादरा बसला होता. लाइन खराब होती, साहेब ओरडून बोलत होते, आम्ही सगळे दारात जमलो. फोन तुटला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"भिंत उभी आहे," ते म्हणाले. "सरकली. चार इंच सरकली आणि उभी आहे. एक तडा नाही."

त्यांनी मासिकं वाचून, टर सहन करून, पेन्सिलीने मांडलेलं अगदी तसंच झालं होतं. ऑफिसात एकच गलका झाला. चंपतरावांनी साहेबांचा हात हातात घेऊन हलवला आणि खुल्या मनाने म्हणाले की आम्ही गाढव होतो. कोणीतरी सीताबर्डीवरून संत्रा बर्फी आणली. साहेबांच्या हातात बर्फीचा तुकडा होता आणि ते माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, पुढं काय झालं ते विचारलंत का. ते म्हणाले, लाइन तुटली. तो तुकडा त्यांनी कागदावर ठेवून दिला.

मग दिवसभर ते फोनजवळ बसून राहिले. जेवायला गेले नाहीत, दुसऱ्या कोणाला फोनला हात लावू दिला नाही. मी माझ्या टेबलावर बसून कुठल्याशा कालव्याच्या रेघा मारत होते. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. उभ्यानेच त्यांनी सांगितलं. ओळीतली बरीच घरं बसली, पण उजाडलं होतं, माणसं उठून बाहेर होती, बहुतेक वाचली. पंचफुला नळावर गेली होती. लहानू रात्रपाळी करून येऊन झोपला होता.

"पाठ भिंतीकडे होती का?" मी विचारलं.

हे त्यांना कुठून माहीत असणार. तरी त्यांनी हो म्हणून मान हलवली, आणि स्टूल ओढून बसले.

मी गेले तोवर बाकीचं सगळं उरकलं होतं. त्याचं घर होतं तिथे छप्पर पुढे तोंडावर पडलेलं. मागे फटीत भरलेले दगड तसेच होते. मी जवळ जाऊन पाहिले. दगडाला दगड असा बसवला होता की मधे सुरीचं पातं शिरू नये. बिनचुन्याचं काम, आणि हादरा बसूनही एक दगड निखळला नव्हता. माझा भाऊ फार चांगला गवंडी होता. त्यामागे भिंत उभी होती, सरळ, अखंड, भोकांतून पाणी ठिबकत होतं. तशी चांगली भिंत मी आयुष्यात पाहिली नाही. मी तिला हात लावला आणि तिला शिव्या दिल्या, मायने शिकवलेल्या आणि न शिकवलेल्याही.

पंचफुलाला मी कामठीला घेऊन आले. ती घरात झोपेना. लूम सुरू झाले, ताटल्या वाजल्या, की ती अंथरूण उचलून आंगणात जाई. फक्त शुक्रवारी ती आत झोपे. मी ताटल्या फळीवरून काढून ट्रंकेत भरल्या, त्याने काही फरक पडला नाही.

देवपुजारी साहेबांचं नाव झालं. दिल्लीहून माणसं आली, त्यांनी भिंतीचे फोटो काढले, साहेबांना व्याख्यानाला बोलावलं. ते गेले नाहीत. भरपाईचं मी विचारायला गेले तेव्हा मला तेच जुनं उत्तर मिळालं. जागा मोकळी होती, मोकळ्या जागेत माणूस मरत नसतो.

उन्हाळा लागला तेव्हा सर्व्हे होऊन कुसरवाडीचा नवा नकाशा पेन्सिलीत आला. भिंत जिथे होती तिथून चार इंच पुढे. तिच्या पायाशी आता घरं नव्हती, पडली होती ती उचलून नेली आणि उरली होती ती सरकारने पाडली. तो शाईने उतरवून कायमचा रेकॉर्डला जायचा होता. साहेब म्हणाले, हे काम दुसऱ्या कोणाला देतो. मी म्हटलं नाही, मीच करते. मला एक गोष्ट करायची होती. भिंत उतरवून झाल्यावर मी तिच्या पायाशी, त्या बारा फुटांत, घरांचे छोटे छोटे चौकोन काढले. जेवढी मला आठवत होती तेवढी सगळी. दिव्याच्या देवळीचं, मिठाच्या डब्याचं, म्हातारीचं. लहानूचं घर भिंतीला चिकटलेलं होतं, ते तसंच काढलं. साहेबांनी पाहिलं, खाली सही केली आणि नकाशा वर पाठवला.

तो परत आला. प्रत्येक चौकोनावर लाल पेन्सिलीची फुली होती. अनधिकृत बांधकाम रेकॉर्डला घेता येत नाही. पट्टा पूर्वीप्रमाणे दाखवावा. साहेब माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले.

"तुम्ही नाही केली तर दुसरं कोणी करेल," मी म्हटलं. "अन् उतरवील दुसरी कोणी. वाईट अक्षरात."

मी ब्लेड घेतलं. एकेक घर हलकेच खरवडलं, कापड फाटू दिलं नाही. लहानूचं घर शेवटी ठेवलं होतं. ते निघालं तसं ती जागा नखाने घासून गुळगुळीत केली, शाईची पूड फुंकली आणि टाक बुडवला. चंपतराव पलीकडून बघत होते, ते उठून बाहेर गेले. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: मोकळी जागा. गेल्या वेळी ते खोटं ठरलं होतं. या वेळी ते खरं होतं.